सव्वा कोटींचा प्रश्न

जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाला एक वर्षही पुरं झालं नव्हतं. देशातल्या २४५ विमा कंपन्या आणि संस्था सरकारनं ताब्यात घेतल्या होत्या, आणि १ सप्टेंबर १९५६ पासून त्यांचा सगळा कारभार या एका महामंडळाकडे आला होता. मुख्य कचेरी मुंबईत. गिरणीतला जॉबर, शाळामास्तर, पोस्टातला कारकून यांच्यासारख्या लाखो माणसांनी पोटाला चिमटा काढून भरलेले हप्ते आता एकाच तिजोरीत जमा होत होते. याआधी काही विमा कंपन्यांचे मालक हाच पैसा आपल्या इतर धंद्यांत फिरवायचे आणि कंपनी बसली की विमेदार हात चोळत राहायचा. ते थांबावं म्हणून तर राष्ट्रीयीकरण झालं होतं.

त्याच जूनच्या शेवटच्या आठवड्यात महामंडळानं कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले. जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि मुंबईच्या भायखळ्यातला रिचर्डसन अँड क्रुडास हा जुना अभियांत्रिकी कारखाना, अशा या सहा कंपन्या. रक्कम सुमारे सव्वा कोटी रुपये. आज हा आकडा डोळ्यांत भरत नाही. पण महामंडळ उभं करताना सरकारनं दिलेलं भांडवलच पाच कोटींचं होतं, हे कळलं म्हणजे त्याचं वजन लक्षात येतं.

मुंदडांचं नाव बाजाराला नवं नव्हतं. विजेचे दिवे विकण्यापासून सुरुवात करून कर्जं काढत, शेअर उलटेपालटे करत त्यांनी इंग्रज मालकांच्या जुन्या कंपन्या पटकावल्या होत्या. बनावट शेअर विकल्याबद्दल मुंबईच्या शेअर बाजारानं १९५६ मध्येच त्यांच्यावर ठपका ठेवला होता. १९५७ च्या उन्हाळ्यात ते कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते, आणि नेमकं तेव्हाच महामंडळ त्यांच्या मदतीला धावलं. गुंतवणुकीचा सल्ला द्यायला महामंडळाची जाणकारांची एक समिती होती. तिला आधी विचारलंच नाही, व्यवहार उरकल्यावर कळवलं. खरेदी बाजारात बोली लावून झाली नाही, थेट मुंदडांशी बोलणी करून झाली. आणि भाव ठरला तो बोलणी चालू असताना वर चढलेला.

कायद्यात अशा प्रसंगासाठी सोय केलेली होती. आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, पण ते लेखी असले पाहिजेत. लेखी निर्देश दिला की त्यावर कुणाची तरी सही असते आणि उद्या संसदेत तो मागता येतो. मुंदडा व्यवहारात असा लेखी निर्देश नव्हता. अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल आणि महामंडळाचे अधिकारी यांच्यात मुंबईत बोलणी झाली आणि चार-पाच दिवसांत पैसे मोकळे झाले. तोंडी कारभाराची गंमत सत्तेतल्या माणसाला फार सोयीची असते: प्रत्येकाला नंतर म्हणता येतं की निर्णय दुसऱ्याचा होता. या प्रकरणात पुढे जे काही घडलं, ते बोट नेमकं कुणावर ठेवायचं हे शोधण्यासाठीच घडलं.

अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. हुशार, धारदार, नेहरूंच्या विश्वासातले. त्यांच्या आधी या खुर्चीवर चिंतामणराव देशमुख होते. मुंबईच्या प्रश्नावर, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला केंद्रानं दिलेल्या वागणुकीच्या निषेधार्थ, त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि ऑगस्टच्या अखेरीस कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा देशमुखांनी १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून केली होती. ज्या हेतूनं त्यांनी हे रोप लावलं, त्याच्या नेमकं उलट काहीतरी दीड वर्षाच्या आत त्याच खात्यात घडलं.

हे संसदेसमोर आणणारा माणूस विरोधी बाकावरचा नव्हता. फिरोझ गांधी काँग्रेसचे खासदार, मतदारसंघ रायबरेली, आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबईतल्या पारशी कुटुंबात १९१२ साली जन्मलेले. त्यांनी १९५५ च्या डिसेंबरात उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीतला गैरव्यवहार आकड्यांनिशी लोकसभेत मांडला होता आणि राष्ट्रीयीकरणाच्या निर्णयाला त्या भाषणाचा मोठा हातभार लागला होता. त्यामुळे महामंडळाच्या पैशाशी त्यांचं नातं एखाद्या पालकासारखं होतं. तिथे कुणी हात घातला तर ते गप्प बसणार नव्हते.

आता संसदेचा हिशेब पाहा. १९५७ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ४९४ जागांपैकी ३७१ काँग्रेसकडे होत्या. अविश्वासाचा ठराव आणला असता तरी मतदानाचा निकाल आधीच ठाऊक होता. मंत्री सभागृहाला जबाबदार असतो, असं घटनेचं ७५ वं कलम सांगतं. पण सभागृहातले तीन चतुर्थांश सदस्य मंत्र्याच्याच पक्षाचे असतील, तर त्याला जबाबदार धरणार कोण आणि कशानं? मुंदडा प्रकरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथे. या सरकारला मतांनी हरवणं शक्य नव्हतं, आणि तरीही त्याच्या अर्थमंत्र्याला जावं लागलं. त्यासाठी वापरलेलं हत्यार प्रत्येक खासदाराच्या, प्रत्येक आमदाराच्या हाताशी रोज असतं. ते म्हणजे प्रश्न.

प्रश्नाचा तास आपल्याकडे लोकांना दूरदर्शनवरच्या गोंधळामुळे माहीत आहे. त्याची खरी ताकद गोंधळात नाही. सदस्य आगाऊ सूचना देऊन प्रश्न पाठवतो. तारांकित असेल तर मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो, त्यावर उपप्रश्न होतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. दोन्हींत एक गोष्ट समान: उत्तर कायमचं नोंदलं जातं. मंत्री जाहीर सभेत काहीही बोलला तर उद्या म्हणता येतं की माझा विपर्यास झाला. सभागृहात दिलेलं उत्तर मात्र त्याच्या मानेला बांधलेलं असतं. ते खोटं निघालं तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. चुकीचं निघालं तर लोकसभेत अध्यक्षांच्या ११५ क्रमांकाच्या निर्देशाखाली सदस्य ते लक्षात आणून देऊ शकतो. मंत्र्यानं नुसतं ‘पाहू’, ‘माहिती घेऊन सांगू’ म्हटलं तरी ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करणारी स्वतंत्र समिती आहे. ती १९५३ मध्ये, पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात, सुरू झाली. मूळ कोकणातल्या या माणसानं आपल्या संसदेच्या अनेक सवयी घडवल्या. सरकारला त्याच्या शब्दात पकडायची ही सवय त्यातली फार मोठी.

मुंदडांच्या शेअरबद्दल लोकसभेत पहिला प्रश्न आला तो सप्टेंबर १९५७ मध्ये. उत्तर मोघम मिळालं. सरकारला वाटलं असावं की विषय मिटला. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पुन्हा आला, आणि या वेळी अर्थमंत्र्यांना कंपन्यांची नावं, रक्कम, खरेदीमागचं कारण याबद्दल बोलावं लागलं. एकेक उत्तर म्हणजे एकेक खुंटी, आणि या खुंट्या दूर-दूर ठोकल्या गेल्या होत्या. आधी सांगितलं गेलं की ही नेहमीसारखी गुंतवणूक आहे. मग सूर बदलला: कलकत्त्याचा शेअर बाजार कोसळत होता, त्याला सावरण्यासाठी ही खरेदी झाली.

१६ डिसेंबर १९५७, सोमवार. या दिवशी फिरोझ गांधी चर्चेला उभे राहिले. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की आज मी जोरात मारणार आहे आणि उलटा मार त्याहूनही जोरात येईल हे मला ठाऊक आहे. पण भाषणाचा खरा जोर आवाजात नव्हता. त्यांच्या हातात कलकत्ता बाजाराचे भाव होते, तारखेवार. १७ जूनला काय भाव होता, २४ जूनला काय झाला, आणि महामंडळानं कुठल्या भावानं पैसे मोजले. बोलणी सुरू होताच शेअर वर गेले, सौदा पक्का झाल्यावर खाली आले. म्हणजे खरेदी होणार हे कुणाला तरी आधीच माहीत होतं. जास्तीचे पैसे विमेदाराच्या खिशातून गेले आणि ते मुंदडांच्या खिशात पडले.

मग त्यांनी बाजार सावरण्याच्या कारणाला हात घातला. हा युक्तिवाद इतका साधा आहे की तो कुठल्याही तालुक्याच्या बाजारातल्या अडत्याला पटेल. बाजार पडत असेल आणि त्याला आधार द्यायचा असेल, तर खरेदी बाजारातच करावी लागते, चारचौघांना दिसेल अशी, आणि अनेक चांगल्या कंपन्यांची. एकाच माणसाकडून, त्याच्याच कंपन्यांचे, बंद दाराआड घेतलेले शेअर बाजाराला आधार कसा देणार? त्यानं आधार मिळतो तो त्या एका माणसाला. शिवाय अर्थखातं आणि महामंडळ यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहारही त्यांच्यापर्यंत पोचला होता. तो कुणी दिला हे त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. संसदेत बोललेल्या शब्दाबद्दल कुठलंही न्यायालय सदस्याला जाब विचारू शकत नाही, हे घटनेच्या १०५ व्या कलमाचं संरक्षण अशा वेळीच कामाला येतं. ते शिव्याशाप देण्यासाठी दिलेलं नाही. ते अशा कागदांसाठी आहे.

सभागृहाचा नूर पाहता सरकारला चौकशी मान्य करावी लागली. नेहरूंपुढे खात्यांतर्गत चौकशी, पक्षांतर्गत चौकशी असे सौम्य रस्ते होते. त्यांनी ७ जानेवारी १९५८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला.

छागलांनी पहिलीच गोष्ट अशी केली की पुढचं सगळं त्यामुळे बदललं. त्यांनी सुनावणी उघड्यावर ठेवली. मुंबईत रोज लोकांची इतकी झुंबड उडे की आत मावेना, म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. प्रधान सचिव, महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार, आणि खुद्द अर्थमंत्री, सगळे साक्षीच्या पिंजऱ्यात आले. त्यांना प्रश्न विचारले जाताना रस्त्यावरची माणसं ऐकत होती. देशाचा विद्यमान अर्थमंत्री न्यायाधीशासमोर उभा राहून उलटतपासणीला सामोरा जातो आणि त्याचा शब्द न् शब्द बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला, फेरीवाल्याला, विमेदाराला ऐकू येतो. स्वतंत्र भारतात असं याआधी झालं नव्हतं. अवघ्या दहा वर्षांपूर्वी सत्तेवर आलेल्या पक्षाचं सरकार हे घडू देत होतं, याचं श्रेय नेहरूंना द्यायला हवं.

साक्षींमध्ये पेच एकाच ठिकाणी येऊन बसला. सचिवांचं म्हणणं, मंत्र्यांना कल्पना होती, त्यांची संमती होती. मंत्र्यांचं म्हणणं, आपण फार तर विचार करायला सांगितलं, खरेदी करा असं म्हटलं नाही. लेखी काहीच नाही. दोन मोठ्या माणसांमधलं एक तोंडी बोलणं आणि त्याच्या दोन वेगळ्या आठवणी. अशा पेचात बहुतेक चौकशा फसतात. एकमेकांकडे बोट दाखवत दोघंही सुटतात, फार तर खालचा एखादा अधिकारी घरी जातो.

छागलांनी तो पेच सोडवला नाही, तो बाजूला सारला. १० फेब्रुवारी १९५८ ला, म्हणजे नेमणुकीपासून पाच आठवड्यांत, त्यांचा अहवाल तयार होता. त्यांनी मांडलेलं तत्त्व असं: सचिव जे करतो त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची. सचिवानं विश्वासघात केला, आदेश डावलला, असं मंत्र्याला म्हणायचं असेल तर ते कळताच त्यानं ते झिडकारलं पाहिजे. कळूनही जो गप्प बसतो, संसदेत त्या कृतीचं समर्थन करतो, त्याला नंतर ती दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. कृष्णम्माचारींनी महिनोन्महिने लोकसभेत या व्यवहाराची पाठराखण केली होती. नोव्हेंबरमधली ती उत्तरं आता त्यांच्याच विरुद्धचा पुरावा ठरली. सप्टेंबरमध्ये कुणी प्रश्न विचारलाच नसता, तर मंत्र्याला व्यवहाराची मालकी घ्यावी लागली नसती आणि मग ती नाकारण्याची वाटही खुली राहिली असती.

अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. संसदेला मंत्र्यांनी सुरुवातीलाच विश्वासात घेतलं पाहिजे, सगळी माहिती पुढे ठेवली पाहिजे, कारण संसदेला ती दुसरीकडून कळली म्हणजे मग अडचण होते. हे वाचताना उपदेशासारखं वाटतं, पण त्यात मंत्र्यांसाठी व्यवहाराचा सल्ला आहे. मूळ व्यवहार चुकीचा होता हे खरंच. पण सप्टेंबरमध्ये सरळ सांगून टाकलं असतं की घाई झाली, समितीला विचारलं नाही, भाव जास्त दिला, तर कदाचित अर्थमंत्री वाचलेही असते. ते गेले ते लपवण्यामुळे.

कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. तो स्वीकारताना नेहरूंनी लिहिलेल्या पत्रात त्यांचा या प्रकरणातला भाग अगदी थोडा होता अशी खात्री व्यक्त केली. कृष्णम्माचारींनी स्वतः एक पैसा खाल्ला असं आयोगानंही म्हटलं नव्हतं. १८ फेब्रुवारीला त्यांनी लोकसभेत आपलं निवेदन केलं. अर्थखातं नेहरूंनी स्वतःकडे घेतलं आणि त्या महिन्याच्या २८ तारखेला देशाचा अर्थसंकल्प पंतप्रधानांनी मांडला. मार्चमध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले. मुंदडांना अटक झाली, खटले चालले, तुरुंगवास झाला.

पैसा खाल्ला नाही तर मग जायचं कशासाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याची दोन उत्तरं त्या काळाच्या जवळपासच मिळतात. एक आपल्याकडचं: नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या अरियालूरला रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडलं. पूल वाहून गेला त्यात त्यांचा काही हात नव्हता, पण खातं त्यांचं होतं. दुसरं इंग्लंडचं. तिथे डॉर्सेट परगण्यातल्या क्रिचेल डाऊन इथली ७२५ एकर जमीन युद्धापूर्वी बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारनं घेतली होती. ती मूळ कुटुंबाला परत द्यायला अधिकाऱ्यांनी टाळाटाळ केली, आणि १९५४ मध्ये कृषिमंत्री सर टॉमस डगडेल यांनी आपल्या खात्याच्या वागणुकीसाठी राजीनामा दिला. शास्त्रींचा त्याग मोठा होता, पण तो त्यांनी आपणहून केला. डगडेल आणि कृष्णम्माचारी यांच्या बाबतीत लोकप्रतिनिधींनी प्रश्न लावून धरला, उघड चौकशी झाली आणि मग खुर्ची गेली. एखादा मंत्री मनानं मोठा आहे की नाही यावर लोकशाही सोडता येत नाही. तो लहान मनाचा असला तरी जावं लागेल अशी व्यवस्था हवी.

कृष्णम्माचारींना ही व्यवस्था चांगली ठाऊक होती, कारण सात वर्षांपूर्वी ते तिच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. १९५१ मध्ये अस्थायी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप झाला की मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांनी सभागृहात प्रश्न विचारले, वायदेबाजाराच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्या. नेहरूंनीच चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला आणि समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. समितीनं मुदगलांना दोषी ठरवलं. हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्याआधीच मुदगलांनी राजीनामा दिला, तरी सभागृह तेवढ्यावर थांबलं नाही. हा माणूस हकालपट्टीलाच पात्र होता आणि राजीनाम्याची भाषा हा सभागृहाचा अवमान आहे, असं नोंदवून मगच विषय संपवला. राजीनामा देऊन निर्णयातून पळ काढता येणार नाही, हा दंडक तेव्हा पडला. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना दोन्ही सभागृहांनी काढलं, तेव्हा मुदगल प्रकरणाचाच दाखला समोर होता.

साध्या सदस्याच्या वागणुकीसाठी अशी वाट आज बऱ्यापैकी मळलेली आहे. राज्यसभेत १९९७ पासून आणि लोकसभेत २००० पासून आचारसमिती आहे. मंत्र्यांच्या बाबतीत ती वाट अजून अर्धवटच आहे. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे: मालमत्ता जाहीर करा, धंद्यातून बाजूला व्हा, नातलगांना सरकारी कंत्राटं मिळवून देऊ नका. पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारे कोण? केंद्रात पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री. मग संशय खुद्द मुख्यमंत्र्यांवरच असेल तर?

महाराष्ट्राला हा प्रश्न १९८१ मध्ये पडला. सिमेंटच्या कोट्याच्या मोबदल्यात मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या मिळाल्याचा आरोप वर्तमानपत्रानं पुढे आणला, समाजवादी नेते प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुलेंना पायउतार व्हावं लागलं. निर्णायक घाव बसला तो वर्तमानपत्रातून आणि न्यायालयातून. फिरोझ गांधींनी जे सभागृहाच्या आत करून दाखवलं, ते चोवीस वर्षांनी सभागृहाच्या बाहेर करावं लागलं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, हक्कभंग ही सगळी आयुधं विधानभवनातही आहेत. पण सत्ताधारी बाकावरून आपल्याच मुख्यमंत्र्याला तारखेवार भाव विचारणारा सदस्य ज्या दिवशी दुर्मीळ होतो, त्या दिवसापासून ही आयुधं बोथट व्हायला लागतात. पुढे १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. मतदानात पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जातं. प्रश्न विचारण्यावर मात्र त्या कायद्यानं कसलीही बंदी घातलेली नाही, हे आपले सदस्य विसरलेत की विसरल्यासारखं करतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

मुंदडा प्रकरणातही सगळं सरळ झालं असं नाही. आयोगाचा दोर सरकारच्या हातात होता. चौकशी आयोगाच्या कायद्यानुसार लोकसभेनं ठराव केला असता तर आयोग नेमणं सरकारला भाग होतं, पण बहुमत सरकारचंच असताना तसा ठराव होणं कठीण होतं. नंतर अधिकाऱ्यांच्या वागणुकीच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ बसलं. त्या मंडळानं मुंदडांकडून काँग्रेसला मिळालेल्या देणग्यांचा विषय काढला, तेव्हा मात्र पंतप्रधानांचा तोल गेला. जून १९५९ मध्ये पत्रकारांशी बोलताना त्यांनी बोस यांच्या बुद्धीबद्दलच अनुदार उद्गार काढले. कलकत्त्याच्या वकिलांनी जाहीर निषेध केला आणि नेहरूंनी बोस यांची माफी मागितली. मंत्री गेला ते सोसलं, पण चौकशीचं बोट पक्षाच्या निधीकडे वळल्यावर सोसलं नाही. पक्षाला पैसा कुठून येतो हा प्रश्न तेव्हा मागे पडला तो आजवर पुरता सुटलेला नाही.

कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. १९६५ च्या अखेरीस मुलांच्या कंपन्यांवरून आरोप झाले. न्यायाधीशाकडून प्राथमिक तपासणी व्हावी असं पंतप्रधान शास्त्रींचं म्हणणं होतं, ते न रुचून त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. एच. एम. पटेल शासकीय सेवेतून बाहेर पडले, राजकारणात आले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतः अर्थमंत्री झाले.

फिरोझ गांधी हे पाहायला नव्हते. ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळीस पुरी व्हायला चार दिवस असताना, ते हृदयविकारानं गेले. त्यांनी मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र या सगळ्याला पुरून उरणारी आहे. दालमियांवरच्या भाषणाच्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं की संसदेत बोलणाऱ्या सदस्याला संरक्षण आहे, पण तेच शब्द छापणाऱ्या वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लागू शकतो. मग सभागृहात निघालेलं सत्य सभागृहातच कोंडलं जाणार. म्हणून त्यांनी १९५६ मध्ये खासगी विधेयक आणून संसदेच्या कामकाजाचं खरंखुरं वृत्त, कुणाचं वाईट करण्याच्या हेतूशिवाय, छापणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करून घेतला. पुढच्याच वर्षी १६ डिसेंबरचं भाषण देशभर छापून आलं ते याच कायद्याच्या आधारानं. आणीबाणीत, त्यांच्याच पत्नीच्या सरकारनं तो रद्द केला. १९७७ मध्ये जनता सरकारनं तो परत आणला, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते संरक्षण ३६१-अ या कलमानं थेट घटनेत गेलं. मूळ कायदा फक्त संसदेपुरता होता. नव्या कलमात राज्यांची विधिमंडळंही आली, त्यामुळे विधानभवनात एखाद्या आमदारानं मुख्यमंत्र्यांना विचारलेला प्रश्न छापताना गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकालाही आज तेच संरक्षण मिळतं.